मदत हवी आहे: सी अर्चिनच्या अंड्याचं आवरण ग्रॅन्युलच्या आतच का घट्ट होत नाही?

नमस्कार. सेमिनारला सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचं फलन घेतलंय आणि एका जागी पार अडकलोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

कळलंय ते असं. शुक्राणू अंड्यात मिसळला की त्या जागेपासून कॅल्शियमची लाट निघते. तिच्या मागोमाग अंड्याच्या पडद्याखालच्या सुमारे १५,००० कॉर्टिकल ग्रॅन्युल्स (प्रोटीन्स, एन्झाइम्सनी भरलेल्या बारीक पिशव्या) बाहेर रिकाम्या होतात. त्यातला प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) व्हायटेलाइन थराचे, म्हणजे पडद्याला बाहेरून चिकटलेल्या पातळ थराचे, पडद्याशी असलेले टाके उसवतो, साखरेच्या लांब साखळ्या पाणी ओढतात आणि थर वर उचलला जातो. व्हिडिओत आधी एका बाजूला बारीक चंद्रकोर दिसते, मग ती सरकत सरकत पूर्ण कडं होते. दहा वेळा तरी बघितलं असेल!

पुढे प्रोटिओलायेझिन, एसएफई-१, एसएफई-९, रेन्डेझव्हिन ही प्रोटीन्स त्या थरावर बसतात आणि ओव्होपेरॉक्सिडेज हे एन्झाइम त्यांच्यातल्या शेजारच्या टायरोसिनांची (एक अमिनो आम्ल) जोडी लावून सगळं टणक करतं.

घोडं इथे अडलंय: ही प्रोटीन्स आणि त्यांना जोडणारं एन्झाइम, दोन्ही एकाच ग्रॅन्युलमध्ये असतात. मग आतच गोळा का होत नाही?

प्रतिसाद १
पेरॉक्सिडेजला पेरॉक्साइड लागतं. ते कुठे तयार होतं, बघितलंत का?

प्रतिसाद २
वरच्यांनी नेमकं बोट ठेवलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड बनवणारं यूडीएक्स-१ हे एन्झाइम ग्रॅन्युलमध्ये नसतंच, ते अंड्याच्या पडद्यात असतं आणि कॅल्शियम वाढल्यावर चालू होतं. शिवाय ग्रॅन्युलच्या आत आम्लता असते, त्यात प्रोटिएज निपचित पडून राहतो. समुद्राच्या पाण्यात आला की कामाला लागतो. बाहेर पडल्यावर पेरॉक्सिडेज भरकटत नाही, कारण प्रोटिओलायेझिन त्याला आवरणाशी धरून ठेवतं.

फलनानंतर अंडं अचानक भरपूर ऑक्सिजन घेतं हे ऑटो वारबुर्गने १९०८ मध्येच नोंदवलं होतं. त्यातला मोठा वाटा श्वसनाचा नसून या पेरॉक्साइडचा, हे कळायला १९७० चं दशक उजाडलं. सेमिनारमध्ये हे नक्की सांगा.

रेन्डेझव्हिनही सोडू नका. जीन एकच, पण त्याची काही रूपं व्हायटेलाइन थरात तर काही ग्रॅन्युलमध्ये. फलनानंतर भेटतात, म्हणून तसं नाव (रॉन्देव्हू म्हणजे ठरवून भेट).

धागाकर्ता
अरे हो! एन्झाइम आत, पण त्याचं खाद्य बाहेर. मी उगीच कुलूप-किल्लीसारखं काहीतरी शोधत बसलो होतो. पण मग एवढ्या पेरॉक्साइडने अंडंच मरायला हवं ना?

प्रतिसाद २
अंड्यात ओव्होथायॉल नावाचं संयुग भरपूर असतं, ते पेरॉक्साइड निपटून टाकतं. आणि उचलणं व घट्ट होणं ही दोन वेगळी कामं आहेत हे दाखवायचं असेल तर अमिनोट्रायझोल या रसायनाचा प्रयोग घ्या. ते पाण्यात असलं की पेरॉक्सिडेज बंद पडतं; आवरण नेहमीसारखं उठतं, पण मऊच राहतं. बारीक जाळीतून अंडी गाळली की सोलून निघतं. भ्रूणाच्या पेशी सुट्या करायच्या असल्या की प्रयोगशाळेत हेच करतात.