फोर्स वन झाली, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचं काय?

गिरगावचा_बाळ्या: 26/11 नंतर 2009 ला राज्याने फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी केली, चांगलंच केलं. पण उद्या परत काही झालं तर पहिला पोचणार कोण, ठाण्यातला हवालदारच ना! दिल्लीजवळच्या मानेसरहून एनएसजीचे कमांडो येऊन काम सुरू करेपर्यंत सकाळ झाली होती, आणि चौपाटीवर ओंबळेंनी कसाबला धरला तेव्हा त्यांच्या हातात काठी होती काठी. कमांडोंवरचा थोडा पैसा ठाण्यांकडे वळवा, एवढंच म्हणतोय.

दाराबाहेरचा_चौथा: साफ चूक. खोलीत घुसायची ड्रिल कधी बघितलीयेस का? चौघं भिंतीला चिकटून, मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर, खांदा दाबला की आत, एकाने हा कोपरा घ्यायचा दुसऱ्याने तो, आणि कोणी कोणाच्या बंदुकीच्या आड यायचं नाही. रिकाम्या हत्याराने हे इतक्या वेळा घोटतात की झोपेत पण पाय बरोबर पडतो, मग कुठे खरी गोळी. समन्स वाटून आणि गणपतीत बारा-बारा तास उभं राहून हवालदाराने हे करायचं कधी?

रिटायर्ड_बंदोबस्त: 31 वर्षं नोकरी झाली माझी. चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, वर्षातून एकदा, गोळ्या मोजक्या, आणि नेम लागला का यापेक्षा झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत दिल्या का याचं टेन्शन जास्त. एकदा एक पुंगळी गवतात गेली तर अख्खी तुकडी दुपारपर्यंत उन्हात वाकून शोधत होती. सरावाला काडतुसं पुरत नव्हती हे 26/11 ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीनेही लिहिलंय, मी पदरचं सांगत नाहीये.

वैनगंगेकाठचा: तुम्हा मुंबईवाल्यांना खोलीच दिसते. आमच्याकडे गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढायला सी-60 ही पोलीस कमांडो तुकडी 1990 ला स्थानिक पोरांमधूनच काढली, जंगल माहीत, गोंडी-माडिया येते, हे कुठल्या सेंटरला शिकवतात? आणि 1 मे 2019 ला जांभुळखेड्याला क्यूआरटीचे (पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे) 15 जवान आणि गाडीचा ड्रायव्हर सुरुंगात गेले. तिथे नेमबाजी काय कामाची? कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे उतरून पायी चालायचं, हे पण ट्रेनिंगच आहे ना.

चहा_कमी_साखर: आणि बोलायचं ट्रेनिंग? पवईत ऑक्टोबर 2025 ला 17 मुलं ओलीस होती, पोलीस बाथरूममधून शिरले, मुलं सुखरूप सुटली पण त्यांना ओलीस धरणारा माणूस गोळीने मेला. अजून थोडं बोलत ठेवला असता तर?

दाराबाहेरचा_चौथा: आत तुझं पोर असतं तर "अजून थोडं" म्हणाला असतास का रे?

चहा_कमी_साखर: माझं पोर असतं म्हणूनच म्हणालो असतो, गोळीबार त्याच्या डोक्यावरून नको म्हणून.

गिरगावचा_बाळ्या: भांडा खुशाल, पण पवईत गोळी झाडली कोणी? पवई ठाण्याच्याच अधिकाऱ्याने. मी वर काय बोंबलत होतो मग?

दाराबाहेरचा_चौथा: एकदा जमलं रे. त्याला वर्षात किती गोळ्या मिळतात ते काकांना विचार आधी.