'इंटरसेक्शनॅलिटी'ला मराठीत काय म्हणायचं? (नागपुरातली चर्चा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या वस्त्यांवरून)

धंतोली
एका समुपदेशन केंद्राचं चार पानी पत्रक मराठीत करतेय. वाचणारे एलजीबीटीक्यू समुदायातले, बरेचसे कामठी-काटोलकडचे, काहींची शाळा मधेच सुटलेली. 'इंटरसेक्शनॅलिटी', म्हणजे जात, लिंगओळख, गरिबी असे भेद एकाच माणसावर एकत्र येणं, हा शब्द त्यात सात वेळा येतो. 'आंतरविभागीयता' लिहिलं की दोन सरकारी खात्यांचा पत्रव्यवहार वाटतो. 'आंतरछेदिता' छापील मराठीत दिसतो, पण त्यातला छेद कापाकापीचा आणि खालीच शस्त्रक्रियेवरचा परिच्छेद आहे. दुसरा शब्द सुचवा.

महाल
छेदाला काहून घाबरता? तुमच्या 'परिच्छेदा'तही तोच छिद् धातू आहे, तो कुणाला टोचतो? शाळेच्या गणितात दोन संचांचा छेद म्हणजे दोन्हींत असलेले घटक. एक वर्तुळ दलितांचं, एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचं, मधला भाग दलित पारलिंगींचा. दोन बांगड्या एकमेकींवर ठेवून दाखवता येतं.

सीताबर्डी
बांगड्यांनी माणसं मोजून होतील, अन्याय कसा घडतो ते दिसणार नाही. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हा शब्द मांडला तो खटल्यांतल्या अडचणीवरून. जनरल मोटर्सने १९६४ पूर्वी काळ्या स्त्रिया कामावर घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे पुढे सेवाज्येष्ठतेने कपात झाली तेव्हा त्याच बाहेर पडल्या. १९७६ च्या निकालात न्यायालय म्हणालं, कंपनीने बायका तर घेतल्या होत्या, मग लिंगभेद कुठे? वंशभेदाचा दावा निराळा करा. घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या. क्रेनशॉ यांचं चित्र चौरस्त्याचं आहे: गाड्या चारी बाजूंनी येतात, मधोमध माणूस जखमी होतो, आणि धडक एकीची की सगळ्यांची ते सांगता येत नाही. 'चौक' शब्दाभोवती काही बांधा.

वर्धमाननगर
मग बर्डीचं मेट्रो इंटरचेंजच घ्या ना. ऑरेंज आणि ॲक्वा लाइन तिथे मिळतात, सगळ्यांना ठाऊक.

सीताबर्डी
नको. इंटरचेंजला एका गाडीतून उतरून दुसरीत बसतात. प्राइड मोर्चाला येताना जात खाली ठेवून यावी, ही अपेक्षा हीच तर दलित क्विअर लोकांची तक्रार आहे. त्यापेक्षा आपलं डायमंड क्रॉसिंग जवळचं. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नईचे रूळ तिथे एकमेकांवरून जातात. त्या चौकटीतलं लोखंड एकाच वेळी दोन्ही मार्गांचं.

इतवारी
चित्रं बोलायला ठीक, पारिभाषिक शब्द घडवावाच लागतो. 'संछेद' करा. दोन वर्षं वापरला की रुळतो.

वर्धमाननगर
कोती (बायकी वळणाचे पुरुष), पंथी (त्यांचे पुरुषी जोडीदार) हे शब्द समुदायाने कोणत्या परिभाषा समितीला विचारून रुळवले? जो शब्द बैठकीत तोंडात येतो तो लिहा.

जरीपटका
नुसत्या एका शब्दाने माणूस कसा गळतो ते सरकारी मराठीत बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने पारलिंगी व्यक्तींना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्या म्हटलं. त्यांना ओबीसीच्या यादीत घातलं, तर अनुसूचित जातीच्या पारलिंगी व्यक्तीने जातीचा दाखला लावायचा की पारलिंगी म्हणून अर्ज करायचा? एकच काही धरावं लागतं. म्हणून मागणी आडव्या आरक्षणाची आहे. महाराष्ट्रात १०० पदं असली तर १३ अनुसूचित जातींची, त्या १३ च्या आतच ३० टक्के महिलांची, म्हणजे ४. तसंच पारलिंगींचं प्रत्येक प्रवर्गाच्या आत हवं. कर्नाटकने २०२१ मध्ये असं १ टक्का दिलं. सर्वोच्च न्यायालयाचा इंद्रा साहनी निकाल (१९९२) सांगतो की ही आरक्षणं उभ्या, म्हणजे जातीच्या प्रवर्गांच्या, आरक्षणांना छेदून जातात. आणि आपल्या भरतीच्या जाहिरातींत त्यांना शब्द काय? 'समांतर आरक्षण'. समांतर रेषा तर एकमेकींना कधीच छेदत नाहीत!

महाल
ते 'क्षितिजसमांतर' असणार, 'क्षितिज' झडलं. उभ्याच्या उलट ते क्षितिजसमांतर. अर्थ चुकला नाही, शब्द तुटला.

धंतोली
वाचणाऱ्याला तुटलेलाच मिळतो, सर. पण 'आडवं' लिहायलाही हात धजत नाही. आपल्याकडे 'आडवं येणं' म्हणजे वाट अडवणं.

इतवारी
आडवा-उभा धागा म्हणा. इतवारीत विणकर काही कमी नाहीत. ताण्यातून बाणा जातो तेव्हाच कापड होतं.

जरीपटका
हे चांगलं आहे, शब्द मिळो न मिळो. पत्रकात दाखल्यांची एक चौकट मात्र घाला. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो वडिलांकडच्या नात्यातला. घर सोडलेल्या पारलिंगी मुलीसाठी आजोबांचा दाखलखारीज (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) उतारा त्याच घरातल्या पेटीत असतो, जिथे तिला दार उघडत नाही. त्यात शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, की पडताळणीत त्रुटी निघते. आणि 'तृतीयपंथी' सगळीकडे लिहू नका, त्यात पारलिंगी पुरुष कुणाला दिसतच नाहीत.

धंतोली
चौकट तिसऱ्या पानावर घेते. सातपैकी पाच ठिकाणी फोड करून लिहिता आलं: 'जात, लिंगओळख, गरिबी यांचा एकदम बसणारा मार'. शीर्षक आणि प्रस्तावना अजून रिकामी आहेत.

महाल
'मार' नको. मधल्या भागात नुसता मारच असतो का? ओळखही असते, सोबतही असते. छेदात तसं काही ठरलेलं नाही.

इतवारी
बाणा की वाणा? आमच्याकडे दोन्ही ऐकू येतात.