शब्द हवा: 'क्षेपक' की 'खिल'?

कादंबरी लिहितोय, जग पूर्ण काल्पनिक. तिथल्या धर्मात माणसाचं काम जन्मानं ठरतं. धर्मग्रंथाचे सात अध्याय सगळे मानतात. आठवा मात्र फक्त मिठागरात राबणाऱ्यांकडे आहे, आणि पहिला दिवा त्यांच्याच पूर्वजानं लावला असं त्यात म्हटलंय. पुजाऱ्यांना तो मान्य नाही. अशा अध्यायाला काय म्हणावं? 'वादग्रस्त' वर्तमानपत्री वाटतं. आणि जातीला 'वर्ण' म्हटलं तर चालेल का?

—

'वर्ण' नको. वाचक लगेच बोटांवर चार मोजतो आणि ऋग्वेदातलं, चार वर्ण सांगणारं पुरुषसूक्त आठवतो. सरळ 'जात' म्हणा. 'जन्' धातूतून आलेला शब्द आहे, कुठल्याही जगात खपेल. शिवाय वाळीत टाकणं, रोटीबेटी व्यवहार, जातगंगा हा सगळा संसार तो सोबत घेऊन येतो. 'ज्ञाती' फार सोवळा.

अध्यायासाठी 'क्षेपक' आहे की.

—

क्षेपक जमणार नाही असं वाटतं. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. मान्य ग्रंथात मागाहून घुसलेला मजकूर तो क्षेपक. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा असेच पाठ निवडून काढावे लागले. वर तंबी दिली: 'ज्ञानेश्वरीपाठीं। जो ओंवी करील मऱ्हाटी। तेणें अमृताचे ताटीं। जाण नरोटी ठेविली॥' (नरोटी म्हणजे करवंटी. यापेक्षा झणझणीत संपादकीय टीप मी तरी वाचलेली नाही.) तुमचा आठवा अध्याय ताटात कुणी ठेवलाच नाही, तो वेगळ्याच घरात आहे.

'खिल' बघा. मूळ संहितेत नाही, पण टाकूनही दिलेलं नाही, असं पुरवणीचं साहित्य. श्रीसूक्त हे ऋग्वेदाचं खिल, हरिवंश महाभारताचं.

—

पण खिल म्हणजे पुजाऱ्यांनी निम्मं मान्य केल्यासारखं झालं. ते इतके उदार दिसत नाहीत! त्यांच्या तोंडी 'अप्रमाण' किंवा चक्क 'बनावट' द्या.

आणि क्षेपक इतक्यात टाकू नका. हा आरोप नेहमी वरूनच होतो असं नाही. पुरुषसूक्तातल्या चार वर्णांच्या ऋचा नंतर घातलेल्या आहेत, असं आंबेडकरांनी 1946 साली शूद्रांवरच्या ग्रंथात मांडलं. तुमच्या मिठागरवाल्यांनाही पुजाऱ्यांच्या सात अध्यायांतला एखादा श्लोक क्षेपक वाटू शकतो. जातींची उतरंड सांगणाराच, बहुतेक.

—

हे सुचलंच नव्हतं. मग क्षेपक मिठागरवाल्यांच्या तोंडी, अप्रमाण पुजाऱ्यांच्या. पण निवेदक काय म्हणेल? तो कुणाच्याच बाजूचा नाही.

—

निवेदकाला नुसतं 'आठवा' म्हणू द्या. अध्याय वगैरे काही नको. मिठागरातली म्हातारी पोरांना 'आठवा' म्हणेल तेव्हा ती ग्रंथाचं नाव घेतेय की आज्ञा करतेय, ते वाचकाला ठरवू दे.