प्रति: परिच्छेद राखाडी चौकटीत का जातो?

तुम्ही लिहिलंय की मराठी विकिपीडियावर गावाच्या लेखात परिच्छेद जरा आत सरकवायला सुरुवातीला दोन स्पेस दिल्या आणि सगळा मजकूर राखाडी चौकटीत जाऊन बसला. कुणी खोडसाळपणा केलेला नाही हो! विकीच्या मजकुरात ओळीची सुरुवात स्पेसने झाली की ती ओळ 'जशीच्या तशी दाखवायची' असं सॉफ्टवेअर धरून चालतं. स्पेस काढा, चौकट जाईल. नवा परिच्छेद हवा तर मध्ये एक ओळ रिकामी सोडायची. नुसतं एकदा एंटर मारून भागत नाही, दोन्ही ओळी एकमेकींना चिकटतात.

दुव्यांचं, म्हणजे दुसऱ्या लेखाकडे नेणाऱ्या दुहेरी चौकटी कंसातल्या शब्दांचं, म्हणाल तर आपल्या भाषेची खरी गंमत सामान्यरूपात आहे, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलतो त्यात. [[साताऱ्याला]] असं लिहिलंत तर विकी त्याच नावाचा लेख शोधतो, तो नसतो, आणि दुवा लाल होतो. म्हणून [[सातारा|साताऱ्याला]]. उभ्या रेघेच्या डावीकडे लेखाचं नाव, उजवीकडे वाचकाला दिसेल तो शब्द. मी सुरुवातीला असे लाल दुवे पाहून नवे लेखच बनवत सुटलो होतो, नंतर ते निस्तरताना नाकी नऊ आले.

आणि हो, चार टिल्डांची (~~~~) सही फक्त चर्चापानावर आणि चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर. लेखात नको. प्रयोग करायचे तर धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, आहेच, तिथे हवा तेवढा चिखल करा. जतन करण्याआधी झलक मात्र बघाच.