अँथ्रासीनची सीव्ही : परतीचं पीक येतच नाही, मदत हवी आहे

गोदाकाठ (नांदेड)
एमएस्सी प्रोजेक्टसाठी सीव्हीने (सायक्लिक व्होल्टामेट्री, म्हणजे व्होल्टेज वर नेऊन परत आणताना करंट मोजणं) अँथ्रासीनचं ऑक्सिडेशन बघतोय. अँथ्रासीन 1 मिलीमोलर, इलेक्ट्रोलाइट टेट्राब्युटाइल अमोनियम परक्लोरेट 0.1 मोलर, सॉल्व्हंट ऍसिटोनायट्राइल एचपीएलसी ग्रेड, बाटलीतून थेट. इलेक्ट्रोड तीन : ग्लासी कार्बन (क्रिया यावर होते), प्लॅटिनमची तार, आणि पोटेन्शियल मोजायला रेफरन्स म्हणून कॅलोमेल. वेग 100 मिलीव्होल्ट प्रतिसेकंद. +1.3 व्होल्टच्या आसपास पीक (करंटचा उंचवटा) येतं, परतताना काहीच नाही. दुसऱ्या फेरीत करंट निम्मा. रेफरन्सही रोज सरकतोय. सर म्हणतात, मशीन तपासा. काय करावं?

लातूरकर
मशीनला दोष देऊ नका. या वेगाला अँथ्रासीनचं परतीचं पीक येणारच नाही (शेतातलं नव्हे, तरी हुलकावणी तशीच). इलेक्ट्रॉन गेला की कॅटायन रॅडिकल (धनभारित, एकट्या इलेक्ट्रॉनचा रेणू) तयार होतो आणि त्याच्या 9 व 10 या जागा उघड्या असतात. तिथं पाणी चिकटतं, शेवटी अँथ्राक्विनोन. पाण्याचा हिशोब करा : 200 पीपीएम म्हणजे सुमारे 9 मिलीमोलर, तुमच्या अँथ्रासीनच्या नऊपट! वाळवलं तरी रॅडिकल दुसऱ्या अँथ्रासीनला जोडला जातो. परतीचं बघायचंच असेल तर मायक्रोइलेक्ट्रोड आणि फार मोठा वेग लागतो.

सेटअप तपासायला त्याच सॉल्व्हंट-इलेक्ट्रोलाइटमध्ये अँथ्रासीनऐवजी 9,10-डायफिनाइलअँथ्रासीन घ्या. त्याच्या त्या दोन्ही जागा झाकलेल्या असतात. त्याचं परतीचं आलं तर सगळं ठीक.

अल्युमिना
करंट पडतो तो इलेक्ट्रोडवर बसलेल्या थरामुळे. प्रत्येक फेरीआधी 0.05 मायक्रॉन अल्युमिना पावडरवर पॉलिश, मग धुणं. पीकनंतर 150-200 मिलीव्होल्टवरच वळा, उगाच 2 व्होल्टपर्यंत जाऊ नका.

कॅलोमेल काढाच. त्यातून पाणी आणि क्लोराइड झिरपतं, आणि परक्लोरेटसोबत पोटॅशियम परक्लोरेट बनून फ्रिट (टोकाची सच्छिद्र चकती) बुजतं. सरकण्याचं कारण बहुतेक तेच. त्याऐवजी रेफरन्स म्हणून चांदीची तार 0.01 मोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये (5 मिलीला 8.5 मिग्रॅ), ऍसिटोनायट्राइलमध्येच, शिवाय 0.1 मोलर इलेक्ट्रोलाइट. शेवटी फेरोसीन (तुलनेसाठी वापरलं जाणारं लोहाचं संयुग) टाकून पोटेन्शियल त्याच्याशी जुळवा. परक्लोरेटऐवजी टेट्राब्युटाइल अमोनियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट घ्या, 25 मिलीला 0.97 ग्रॅम. सुकं परक्लोरेट तापवणं धोक्याचं आहे.

सॉल्व्हंट वाळवायला 3 अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे दाणे), 300 अंशांवर तापवून, 24 ते 48 तास. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवलं तर ही मेहनत वाया.

लातूरकर
उन्हाळ्यातलं राहिलं. आपल्याकडे 42 अंशांत ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजन सोडला की ऍसिटोनायट्राइल उडतं आणि अँथ्रासीनचं प्रमाण वाढत जातं. नायट्रोजन आधी ऍसिटोनायट्राइल भरलेल्या बबलरमधून (बुडबुड्यांच्या बाटलीतून) आणा. सीव्ही घेताना वायू द्रावणाच्या वर ठेवा, आत नको.

गोदाकाठ
सिव्ह भट्टीत टाकले. डायफिनाइलअँथ्रासीन मागवावं लागेल. तोवर?

अल्युमिना
तोवर फेरोसीनची सीव्ही घ्या. त्याच्या जातानाच्या आणि परतीच्या पिकांतलं अंतर आदर्श 59 मिलीव्होल्ट, 65-80 चालेल. 120 आलं तर आधी पॉलिश पुन्हा करा, मग रेफरन्स कार्बनच्या जवळ सरकवा.