तोलून बनवलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडची रेणुता टायट्रेशनमध्ये कमी का येते?

प्रश्न (प्रथम वर्ष, रसायनशास्त्र)
नमस्कार. सोडियम हायड्रॉक्साइडच्या 2 ग्रॅम गोळ्या तोलून मी 500 मिली द्रावण केले, त्यामुळे त्याची रेणुता (दर लिटरमधील मोल) 0.1 यावी अशी अपेक्षा होती. ऑक्झॅलिक आम्लाचे 0.05 मोलर प्रमाण द्रावण (रेणुता नेमकी माहीत असलेले) पिपेटने 10 मिली घेऊन, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचे) दोन थेंब टाकून, ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेले. तीनही वेळा 10.6 मिली लागले. आम्लाची रेणुता गुणिले घनफळ बरोबर अल्कलीची रेणुता गुणिले घनफळ, हे सूत्र वापरले तर उत्तर 0.0472 येते, म्हणजे अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. वाचने इतकी जुळत असताना उत्तर एवढे का चुकते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1
तुमची वाचने चांगली आहेत. अडचण सूत्रात आहे. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूत उदासिनीकरण होऊ शकणारे दोन हायड्रोजन असतात, म्हणून त्याच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. तुम्ही वापरलेले सूत्र दोघांचे प्रमाण एकास एक असेल तेव्हाच चालते. येथे 2 × 0.05 × 10 भागिले 10.6, म्हणजे 0.0943 मोलर हे उत्तर येते आणि 40 ने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या मोलर वस्तुमानाने) गुणल्यास दर लिटरला 3.77 ग्रॅम. सूत्र पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी आधी समतोल समीकरण लिहावे, मग हा घोटाळा होत नाही.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. तरीही 0.1 ऐवजी 0.0943 का? तोलताना मी पुरेशी काळजी घेतली होती.

उत्तर 2
काळजी घेऊनही हे होतेच, आणि टायट्रेशन करायचे ते याचसाठी. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या उघड्या हवेत काही मिनिटांतच ओलसर आणि चिकट दिसू लागतात. त्या हवेतील बाष्प शोषतात, शिवाय कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांच्या पृष्ठभागावर सोडियम कार्बोनेट तयार होते. तराजूने दाखवलेल्या 2 ग्रॅममध्ये हे सर्व मिसळलेले असते. म्हणून अशा पदार्थाचे द्रावण केवळ वजनावरून प्रमाण द्रावण मानता येत नाही. त्याची रेणुता प्रमाण आम्लाशी ताडूनच ठरवावी लागते. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मात्र शुद्ध मिळतात आणि विश्वासाने तोलता येतात. फक्त ते द्विजल (आम्लाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असलेले) स्फटिक असल्यामुळे मोलर वस्तुमान 126.07 धरावे. 0.05 मोलरचे 250 मिली द्रावण करायला 1.576 ग्रॅम लागतात. निर्जल आम्लाचे 90.03 धरून तोलले तर प्रमाण द्रावणच पातळ होईल आणि पुढची सर्व आकडेमोड फसेल.

कार्बोनेटचा आणखी एक परिणाम आहे. फिनॉल्फ्थॅलीन रंग बदलते तेव्हा कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच पोहोचलेले असते, म्हणजे त्याची निम्मीच क्षमता मोजली जाते. त्यामुळे बाटली उघडझाक होत राहिली तर तेच द्रावण आठवड्याने आणखी सौम्य ठरते. उकळून थंड केलेले ऊर्ध्वपातित पाणी वापरावे आणि झाकण घट्ट ठेवावे.

उत्तर 3
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र काही ठिकाणी ब्युरेटमध्ये आम्ल आणि पात्रात अल्कली घेण्याची पद्धत आहे, ती मला या प्रयोगासाठी पटत नाही. पात्रातले सोडियम हायड्रॉक्साइड हलवताना सतत हवेच्या संपर्कात येते, आणि गुलाबी रंग नाहीसा झाल्याचा क्षण डोळ्याला नीट पकडता येत नाही. तुमच्या क्रमाने रंगहीन द्रावणात पहिली फिकट गुलाबी छटा पांढऱ्या फरशीवर लगेच दिसते. ती अर्धा मिनिट टिकली की थांबावे. नंतर ती विरली तरी थेंब वाढवू नये, कारण तो हवेतील कार्बन डायऑक्साइडचा परिणाम असतो. तेवढे मात्र आहे की टायट्रेशन संपताच ब्युरेट पाण्याने धुवावी, नाहीतर काचेची तोटी अल्कलीमुळे अडकून बसते.

दर्शक बदलण्याचा विचारही करू नये. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक 3.1 ते 4.4 सामूदरम्यान (pH) रंग बदलतो, त्या वेळी ऑक्झॅलिक आम्लाच्या दुसऱ्या हायड्रोजनचे उदासिनीकरण अर्धवटच झालेले असते. तुल्यबिंदूचा (आम्लाला नेमकी पुरेशी अल्कली मिळते त्या क्षणाचा) सामू 8 च्या थोडा वर येतो आणि फिनॉल्फ्थॅलीनची मर्यादा 8.2 पासून सुरू होते, त्यामुळे तोच दर्शक येथे योग्य आहे.

शेवटी अचूकतेबद्दल. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा असतो, म्हणजे 10.6 मिलीवर जवळपास अर्धा टक्का. शक्य असेल तर 25 मिलीचे पिपेट वापरा, म्हणजे त्याच थेंबामुळे येणारी चूक निम्म्याहून कमी होईल. ब्युरेट भरण्याआधी त्याच अल्कलीने विसळावी, पण शंकुपात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. आम्लाने विसळल्यास मोजलेल्या 10 मिलीपेक्षा जास्त आम्ल पात्रात जाते आणि अल्कली आहे त्यापेक्षा सौम्य दिसते.