मदत हवी आहे: इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात ई1 आणि ई2 (रेणूतून एचसीएल निघून अल्कीन बनण्याचे दोन मार्ग) वेगळं कसं मोजू?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी टर्शरी ब्युटाइल क्लोराइडचं सॉल्व्होलिसिस (द्रावकाशीच होणारी अभिक्रिया) करतोय, 25 अंशांना. ग्रुनवाल्ड-विन्स्टाइनच्या हिशोबाने 80 टक्के इथेनॉलवरून 60 टक्क्यांवर आलं की वेग साधारण तेरापट होतो (वाय, म्हणजे द्रावकाची आयन बनवण्याची क्षमता, 0 वरून 1.12). माझंही तसंच येतंय. घोडं अडलंय पुढे.

टायट्रेशनमध्ये मोजलं जाणारं एचसीएल एसएन1 (क्लोरीनच्या जागी द्रावक बसतो) आणि ई1 दोन्हींचं. कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन आयन) बनण्याची सावकाश पायरी दोन्हींत एकच, म्हणून वेगावरून ते वेगळे करता येत नाहीत. ई1 मधून बनणारं अल्कीन, आयसोब्युटीन, तर उणे 7 अंशांनाच उकळतं, हाती काय लागणार! बंद नळीत ब्रोमिन वापरून अल्कीनचा वाटा कुणी मोजलाय का?

दुसरं, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घातलं की ई2, म्हणजे अल्कलीमुळे एकाच पायरीत होणारा मार्ग, सुरू होतो. पाणी वाढवलं की ई2 चा वेग उलट घटतो, कारण संक्रमण अवस्थेत ऋणभार पसरलेला असतो. वेग विरुद्ध अल्कली असा आलेख काढून चढावरून ई2 काढतोय. पण मिश्रणात हायड्रॉक्साइडबरोबर इथॉक्साइडही असतं, मग तो चढ नेमका कुणाचा? आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातल्या आयनांचं एकूण प्रमाण) स्थिर ठेवायला सोडियम परक्लोरेट घातलं, तर पोटॅशियम परक्लोरेटचा साका बसला. केओएचऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड घेतलं तर चालेल ना?